ऑइल म्हणजे तेल

माणसाच्या सगळ्या दुःखाचं मूळ एकच आहे. त्याला धरता येतं, सोडता येत नाही. राज्यं याच पायी बुडाली, घराणी याच पायी फुटली, आणि ज्यांना वेळेवर सोडता आलं त्यांची देवळं झाली. हा विचार मला वडवणीत, रहमतुल्लाच्या गॅरेजसमोर, बबिताच्या गाडीच्या डाव्या चाकापाशी उकिडवा बसलेलो असताना सुचला. तो आणखी थोडा वर नेणार, तोच माझ्या पोटरीत गोळा आला आणि मला दोघांनी बखोट्याला धरून उभं केलं.

बबिता म्हणजे आमच्या शेजारच्या धुळाजीची थोरली लेक. जनावरांच्या सरकारी दवाखान्यात नोकरीला आहे. वस्त्यावस्त्यांवर जावं लागतं म्हणून तिनं ही गाडी घेतली. तिच्याआधी गाडीचे दोन मालक होऊन गेलेले. धुळाजीनं उभा जन्म मेंढरं राखली, आता तो गाडी राखतो. रोज सकाळी तिच्या पाठीवरून हात फिरवतो, टायर दाबून बघतो, बॉनेट उघडून आत नाक घालतो. गाडीनं अजून त्याला चाटलेलं नाही, एवढंच.

तीन वर्षांपूर्वी बबिताच्या धाकट्या भावाचं, जीवनचं लग्न झालं. बबिता करवली. मुहूर्ताला अर्धा तास असताना फोन आला की पलीकडच्या वस्तीवर म्हैस अडलीय, रेडकाचे मागचे पाय आधी आलेत. "आत्ता येते" म्हणून बबिता नव्या साडीवरच गेली. म्हैस वाचली, रेडकूही वाचलं. पण ती परतली तेव्हा अक्षता पडून गेल्या होत्या, पंगती उठल्या होत्या, आणि करवलीचा कऱ्हा कुणा भलत्याच पोरीनं मिरवून झाला होता. जीवन भर मांडवात म्हणाला, "हिला भावापरीस म्हैस मोठी." त्या दिवसापासून दोघांत शब्द नाही. म्हैस मधल्या काळात पुन्हा एकदा व्याली.

आता जीवनला मुलगी झाली होती. त्याची बायको मोहिनी बाळंतपणासाठी माहेरी, शिरूर कासारच्या पलीकडच्या एका वस्तीवर होती. तिनं हळूच बबिताला फोन केला. "आक्का, नाव आत्यानंच ठेवावं लागतंय. तुमीच या. बरुबर बाराला. यांना सांगितलंय मी. ते हो म्हनले न्हाईत, पन न्हाईबी म्हनले न्हाईत."

बारसं पुढं ढकलण्यासारखं नव्हतं. मोहिनीचे आईबाप दुसऱ्या दिवशी पहाटेच ऊसतोडीच्या टोळीबरोबर निघणार होते, ते उन्हाळ्यातच परतणार. आणि आत्या आली नाही तर नाव ठेवायला मोहिनीची मावशी तयारच होती. मावश्या नेहमीच तयार असतात. हे सगळं मला बबितानं सांगितलं नाही. तिच्या आईनं, साखराबाईनं, भिंतीवरून सांगितलं, त्यामुळे ते अर्ध्या गल्लीला ठाऊक होतं.

उजेड फुटायला आम्ही निघालो. बबिता गाडी चालवत होती. शेजारी धुळाजी, डोक्याला पांढराफेक नवा पटका. मागं साखराबाई आणि मी, मध्ये कुंची-झबल्याची पिशवी. मला कशाला नेलं, असं कुणी विचारलं तर खरं कारण असं की एक सीट रिकामी राहत होती, आणि शुभकार्याला रिकामी सीट नेऊ नये असं साखराबाईचं मत पडलं.

वडवणी जवळ आली तसा गाडीत भज्यांचा वास सुटला.

"सकाळी सकाळी कोन भजी तळायलंय ग?" साखराबाई म्हणाली.

"हाटेल आलं असंल," धुळाजी म्हणाला.

हॉटेल आलं, मागंही पडलं. वास काही मागं पडला नाही. बबिताचं लक्ष मात्र गाडीच्या आवाजाकडं होतं. गाडी डावीकडं ओढत होती आणि चढ नसताना चढावर असल्यासारखी कण्हत होती. तिनं बाजूला घेऊन खाली उतरून बघितलं. डाव्या पुढच्या चाकातून अशी धग येत होती की पापड धरला असता तर भाजून निघाला असता.

बबिता गाडी नेहमी ज्याला दाखवते त्या रहमतुल्लाचं गॅरेज तिथून चारशे पावलांवर. तो नुकताच येऊन दुकान झाडत होता. साठी ओलांडलेला, चष्म्याची एक काडी तारेनं बांधलेली. त्यानं चाकाकडं बघितलं, वास घेतला, आणि न विचारताच जॅक लावला. चाक उतरवून ब्रेकचे पॅड काढले. बाहेरचा पॅड कोरा करकरीत होता. आतला झिजून नुसता पत्रा उरला होता.

"पॅड नवे टाकू, अन् जाऊ द्या आमाला," धुळाजी म्हणाला.

पॅड रहमतुल्लाच्या मुलाच्या, अल्ताफच्या दुकानातून आले. समोरच आहे ते. पण नवा पॅड जाड, त्याला जागा हवी, आणि जागा द्यायची तर पिस्टन मागं सरायला हवा. पिस्टन म्हणजे काय ते मला तिथंच कळलं. वाटीसारखं एक लोखंडी भांडं असतं. पेडल दाबलं की ते पुढं येऊन पॅड चाकाच्या तबकडीवर दाबतं, पाय काढला की मागं सरतं. हे सरत नव्हतं. रहमतुल्लानं त्याला शिकंजा लावून आवळलं. शिकंजा करकरला. पिस्टन जागचा हलला नाही.

"ह्यानं धरलंय," रहमतुल्ला म्हणाला.

धुळाजी खूश झाला. "धरतंय ना? मग ब्रेक चांगलाच हाय की!"

"धरनं चांगलं, भाऊ. धरून बसनं वाईट."

माझा मघाचा विचार इथूनच निघाला. असो.

मग रहमतुल्लानं बॉनेट उघडलं. ब्रेक ऑइलची पांढरी डबी असते, तिचं झाकण फिरवून त्यानं आत वाकून हुंगलं. बराच वेळ तो वर आलाच नाही. आला तेव्हा त्याचा चेहरा पोरगं नापास झाल्याचं कळलेल्या बापासारखा होता.

"मास्तर, हितं या. ह्याला कशाचा वास यायलाय?"

मी मास्तर नव्हे. तहसील कचेरीतून निवृत्त झालेला कारकून आहे. पण आमच्याकडं चष्मा लावून पेपर वाचणाऱ्या माणसाला मास्तरच म्हणतात. मी हुंगलं.

"करडईचा," मी म्हणालो.

"घान्याचं हाय," धुळाजी अभिमानानं म्हणाला. "पाकिटाचं आमी न्हाई वापरत."

रहमतुल्लानं कपाळाला हात लावला. "या अल्ला. धुळाजीभाऊ, गाडीला फोडनी कावून दिली?"

"डबीवर रेघ हाय का न्हाई? तेल रेघंच्या खाली गेलतं. जनावराच्या हौदातलं पानी कमी झालं तर वतायचं का न्हाई माणसानं? महिनाभर वतायलोय थोडं थोडं."

"पन गोडं तेल?"

"सगळे ब्रेक ऑइल, ब्रेक ऑइल म्हनत्यात, मग?" एवढं बोलून धुळाजी थांबला. त्यानं माझ्याकडं बघितलं नाही. मेंढपाळ लोक कळपातलं माणूस असं उघड्यावर टाकत नाहीत.

साखराबाईचं तसं नाही. "मास्तरला इचारूनच वतलंय त्यांनी," ती म्हणाली.

हे खरं होतं. महिन्याभरापूर्वी धुळाजी ओट्यावर येऊन म्हणाला होता, "मास्तर, ऑइल म्हंजी कंचं वो?" पस्तीस वर्षं मी इंग्रजी परिपत्रकांचं मराठी करत होतो. मी चष्मा कपाळावर चढवला आणि सांगितलं, "ऑइल म्हणजे तेल." माझ्या आख्ख्या आयुष्यातलं हे एकच भाषांतर कुणीतरी अमलात आणलं.

"क्या मास्तर," रहमतुल्ला म्हणाला, "अच्छा शिकाये." मग त्यानं समजावून सांगितलं. ब्रेक ऑइल हे नुसतं नावाचं ऑइल. त्यात तेलाचा थेंब चालत नाही. पिस्टनभोवती रबराची कडी असते, तेल लागलं की ती फुगते आणि पिस्टनचा गळा आवळते. त्यात या पिस्टनला वरून गंजही चढला होता.

बबिता पुढं झाली. "चाचा, किती वेळ?"

"तीन तास. दोनी बाजूच्या कड्या, डबीखालची रबरं, सगळं धुऊन नवं ऑइल."

"तीन तास न्हाईत माझ्याजवळ."

साखराबाईनं एसटी सुचवली. पण बीडला बदलायची, मग शिरूर, मग वस्तीपर्यंत पायी. दोन वाजले असते. धुळाजीनं त्याहून मोठा उपाय काढला. "ह्या चाकाची नळी चेपून टाक. तीन चाकांच्या ब्रेकवर जाऊ. तीन पायांची मेंढीबी चालती."

यात हसण्यासारखं होतं, पण बबिता हसली नाही. ती रहमतुल्लाकडं बघत राहिली. "होईल का तसं, चाचा?"

तिच्या आवाजात मला पहिल्यांदा ते ऐकू आलं. म्हशीच्या पोटात कोपरापर्यंत हात घालणारी पोरगी ही, आणि आत्ता बारा वाजण्याला भीत होती. दुसऱ्यांदा उशीर झाला तर जीवनला बोलायला जागाच मिळाली असती, आणि तो बरोबर ठरला असता. भाऊ चुकला असेल तर माणूस वाट बघतं. भाऊ बरोबर ठरला की संपलं.

रहमतुल्लानं हातातला पाना खाली ठेवला. "हुईल की. पन रस्त्यानं उसाचे ट्रॅक्टर हायेत, दोन दोन ट्रॉल्या लावून. त्यांच्यामागं आईला अन् बापाला घेऊन तीन चाकांवर थांबायचं. बघा तुमी." मग म्हणाला, "ताई, म्हैस अडली अन् मालक म्हनला लवकर वढा, तर काय करता?"



"हात धुते," ती म्हणाली. "आनि मालकाला गोठ्याच्या भायेर काढते."

रहमतुल्लानं धुळाजीकडं बघितलं, मग माझ्याकडं. "चला. दोघंबी भायेर."

आम्ही बाहेर गेलो. बबितानं बाजूला जाऊन मोहिनीला फोन लावला. फोन उचलला गेला. मी जवळच होतो. पलीकडून बायकांचा गलका आणि भांड्यांचा आवाज येत होता, पण बोलत कुणी नव्हतं. कुणीतरी नुसता श्वास घेत होतं.

"मोहिनी?" बबिता म्हणाली. मग हळू आवाजात, "गाडी अडलीय वडवनीत. मी यायलेय."

फोन बंद झाला.

"कोन व्हतं ग?" साखराबाईनं विचारलं.

"रेंज," बबिता म्हणाली. तिनं हातातल्या बांगड्या काढून आईच्या ओटीत टाकल्या, पदर खोचला आणि रहमतुल्लासमोर जाऊन बसली. "सांगा."

आणि तेवढ्यात लाईट गेली. पिस्टन बाहेर काढायचा तर रहमतुल्ला मागून कॉम्प्रेसरची हवा मारणार होता. आता हवा नव्हती. त्यामुळे पाच मिनिटांत आम्हा हाकललेल्या मालकांना परत गोठ्यात घ्यावं लागलं.

"दुसरी रीत हाय," रहमतुल्ला म्हणाला. "त्याच्याच जोरानं त्याला भायेर आनायचं. आतून पेडल मारायचं, हळूहळू. नुसता हातानं वढला तर वाकडा हुतो, अन् एकदम मारलं तर गोळीवानी सुटतो." त्यानं पिस्टनच्या तोंडासमोर लाकडाची जाड चिपटी धरली, म्हणजे सुटला तर बोटं वाचतील. मला सीटवर बसवलं. पेडल दाबणं हे काम पस्तीस वर्षांच्या सरकारी नोकरीच्या अनुभवावर जमेल असं त्याला वाटलं असावं.

मी दाबलं. काही झालं नाही. पुन्हा दाबलं.

धुळाजी चाकापाशी उकिडवा बसला होता. आता त्यानं मान वाकडी करून आत बघितलं, आणि त्याचा आवाजच बदलला. "थांबा मास्तर. हे तर कोकरू अडल्यावानीच हाय."

"तसंच हाय," रहमतुल्ला म्हणाला.

"मग असं धपाधपा न्हाई. कळ आली की जोर, कळ गेली की दम. मी म्हनंल तवा दाबा." आणि तो पिस्टनशी बोलायला लागला. खरंच सांगतो, त्या लोखंडी वाटीशी. "हां माय. ये. घाई न्हाई. द्या मास्तर, कळ द्या. बास. दम खाऊ द्या. बबे, त्याच्या कडंला बोट फिरव, वाट मोकळी कर. आता द्या. हळू! हळू वो!"

"हाललं," बबिता म्हणाली.

"मुंडकं आलं," धुळाजी म्हणाला.

चाळीस वर्षांच्या धंद्यात रहमतुल्लाच्या गॅरेजात दुसऱ्याचा हुकूम पहिल्यांदाच चालत होता, आणि त्याला तो पटत होता, हे त्याला आवडत नव्हतं. तो फक्त चिपटी जराजरा मागं घेत होता.

शेवटच्या कळेला माझा पाय जरा जास्त गेला. पच्च असा आवाज झाला, पिस्टन चिपटीवर आपटला आणि मागून आलेलं काळं-पिवळं तेल धुळाजीच्या नव्या पटक्यावर, थेट पुढच्या बाजूला उडालं.

साखराबाई समोरच्या दुकानाच्या ओट्यावरून ओरडली, "काय झालं वो? पोरगा का पोरगी?"

"पिस्टन," धुळाजी म्हणाला, आणि धोतराच्या सोग्यानं त्यानं आधी पिस्टन पुसला, मग पटका.

पुढचं काम बबितानं केलं. रहमतुल्ला सांगायचा, ती करायची. आतली फुगलेली कडी लाकडी काडीनं काढली, लोखंडानं नाही, म्हणजे खाचेला चरा पडत नाही. पिस्टनवरचा गंज बारीक पेपरनं गोल गोल घासला. खाच दातांच्या ब्रशनं धुतली, डिझेलनं नाही, पेट्रोलनं नाही, नुसत्या ब्रेक ऑइलनं. नवी कडी त्याच ऑइलनं ओली करून बोटानं बसवली. मग पिस्टन सरळ धरून अंगठ्यांनी आत दाबला, आणि मघाशी शिकंज्याला न जुमानणारा तो पिस्टन मुकाट्यानं आत गेला. नवे पॅड बसले. उजव्या बाजूचं असंच सगळं रहमतुल्लानं केलं, निम्म्या वेळात. डबीखालची रबरं बदलली. नळ्यांतलं करडईचं तेल पार निघेपर्यंत नवं ऑइल सोडलं, चारी चाकांच्या ब्रेकनळ्यांत अडकलेली हवा काढली, आणि या सगळ्यात मी "दाबा, राहू द्या, सोडा" या हुकमांवर पेडल मारत राहिलो. माझा उजवा पाय आठवडाभर माझ्याशी नीट वागला नाही.

रहमतुल्लानं स्वतः रस्त्यावर तीन चकरा मारल्या आणि प्रत्येक वेळी कचकन थांबवून बघितलं. चाकाला हात लावला. गार होतं.

"चाळीसच्या वर न्यायची न्हाई," तो बबिताला म्हणाला. "आठ दिसांनी परत दाखवा." आणि धुळाजीकडं वळून, "भाऊ, डबीला हात लावायच्या आधी मला इचारायचं. मास्तरला न्हाई."

आम्ही चाळीसनं निघालो. उसाचे ट्रॅक्टर होतेच. प्रत्येक ट्रॅक्टरमागं बबिता ब्रेक दाबायची, आणि आम्ही चौघंही नकळत पाय दाबायचो. बीड मागं पडलं. घड्याळाचं नाव कुणी काढत नव्हतं. साखराबाई फक्त पिशवीतली कुंची काढायची, घडी मोडायची आणि पुन्हा घालायची. बारा वाजले तेव्हा शिरूर अजून दिसत नव्हतं. बबितानं वेग वाढवला नाही. तिच्या हातांची बोटं स्टिअरिंगवर पांढरी झाली होती, नखं काळी.

वस्तीच्या तोंडाशी गाडी उभी केली तेव्हा साडेबारा होत आले होते. बबिता उतरून जवळजवळ पळतच गेली. आम्ही मागून पोचलो, तर अंगणात पाळणा सजवलेला, भोवती बायका दाटलेल्या, आणि एका बाजूला मावशी, नाव ओठांवर घेऊन उभी. पण नाव ठेवलेलं नव्हतं. पाळण्याला पाठ लावून, मांडी ठोकून, जीवन बसला होता. एवढ्या बायकांच्या मधोमध एकटा बाप्या.

मोहिनी बबिताच्या कानाशी लागली, पण साखराबाईच्या घराण्यात कानाशी बोललेलंही चार माणसांना ऐकू येतं. "सव्वाबाराला मावशी म्हनली, मीच ठिवते. हे आले अन् असे बसले. बोलले काई न्हाईत. पन वाटच दिली न्हाई कुनाला."

बहिणीला बघून जीवन उठला आणि मान खाली घालून बाजूला झाला. बबितानं बाळाला कुंची घातली, पाळण्यात वाकली. बायकांनी पाठीत धपाटे घातले, रीतीपेक्षा दोन जास्तच, कारण वाट बघून सगळ्यांना भूक लागली होती. तिनं बाळाच्या कानात नाव सांगितलं. सुकन्या. बाळानं नाक मुरडलं. आत्याच्या हातांना ब्रेक ऑइलचा वास येत होता, आणि आयुष्यातली पहिली ओळख अशी झाली तर कुणीही मुरडेल.

गाणी झाली, घुगऱ्या वाटल्या. बबिता पाळण्याशेजारीच बसून राहिली. मग बायकांची गर्दी जरा बाजूला झाली, आणि तिच्यातून जीवन आला.

साखराबाईनं पदर डोळ्यांपर्यंत नेऊन तयार ठेवला. धुळाजीनं डाग पडलेला पटका सरळ केला. मी चष्मा काढून पुसला, कारण हे नीट बघायचं होतं. जीवन बबितासमोर उभा राहिला. त्यानं तिच्या हातांकडं बघितलं, काळ्या नखांकडं, साडीवरच्या डागांकडं. त्यानं खाकरून घसा साफ केला.

"आक्का," तो म्हणाला.

तीन वर्षांनी. बबिताचे डोळे भरून आले.

"गाडी जरा मागं घेती का? पान्याचा टँकर आत येईना."